बाथरूमबाहेरचं स्टूल

"समे, ओ दे."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच घेऊन बाहेर आले. बाथरूमच्या दारासमोर निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर आबा बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर आणि कान दाराकडे. आत माझी मुलगी समीक्षा अंघोळ करत होती.

"आबा, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं व्हतं," ते म्हणाले. "पण आवाज येत न्हाई."

"कसला आवाज?"

"पाण्याचा."

जानेवारीतला रविवार होता तो. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. चौदा वर्षं झाली, पण स्वयंपाकघरातलं ते घड्याळ मला अजून दिसतं. तव्यावरची पोळी करपायला लागली होती आणि मला तिचीच काळजी होती.

ठरलं होतं ते असं. कुणी अंघोळीला गेलं की आबांनी हाका मारायच्या नाहीत. बसायचं तर बसा, पण तोंड मिटून.

माझे वडील ड्रेनेज खात्यात बत्तीस वर्षं होते. 'खात्यात होते' हे मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे ते गटारात उतरायचे. चड्डीवर, अंगाला खोबरेल चोपडून, कमरेला दोर बांधून. एक जण आत आणि एक वर, ही त्यांची रीत. वरच्याने थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, आतल्याने ओ द्यायची. ओ आली म्हणजे माणूस जिवंत. दोन हाकांना ओ आली नाही की दोर ओढायचा. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, मास्क नव्हता, साहेब तर नव्हताच. एवढंच होतं. हाक आणि ओ.

ती रीत ते घरी घेऊन आले. मी लहान असताना मोरीत शिरले की बाहेरून आवाज यायचा, "रत्ने, ओ दे." आई जाईपर्यंत ते तिला हाका मारायचे. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले आणि समीला हाका मारायला लागले. माझा नवरा भुसावळला रेल्वेत. पंधरा दिवसांनी घरी यायचा, तर त्यालाही सुटका नव्हती. तो आतून 'हजर' म्हणायचा. समी कधी मांजराच्या आवाजात ओ द्यायची, कधी शेळीच्या. आबांना काहीही चालायचं. आतून काहीतरी आलं पाहिजे, बस.

पण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या. वरच्याची शिंक खालच्याला कळायची. खालच्या मजल्यावर चेअरमन बेलसरे राहायचे. त्यांच्या मिसेस मला एकदा लिफ्टमध्ये गोड हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज सकाळी कुणी हरवतं का हो?"

मी पण हसले. काय करणार? आमच्या सात पिढ्यांत फ्लॅट घेणारी मी पहिली. तिथे टिकायचं म्हणजे हसावं लागतं.

त्या वर्षी बोअर आटली आणि सोसायटी टँकरवर आली. मीटिंग झाली. बेलसरे म्हणाले की काही घरांत पाणी जरा जास्तच लागतं, सवयीचा भाग असतो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. बघायची गरजही नव्हती. आबा अर्धा अर्धा तास अंघोळ करतात हे डक्टमुळे सगळ्यांना माहीत होतं आणि आबा पूर्वी काय करायचे तेही कुणीतरी शोधून काढलेलं होतं. 'सवयीचा भाग' हे मी शाळेपासून ऐकत आलेय. माझ्या शेजारी न बसणाऱ्या मुलींनाही ती सवयच होती.

म्हणून प्रत्येक घरात पाणी वाचवणारा शॉवर बसवायचा असं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी बसवला. सांगून ठेवते, माझ्यानंतर फार कुणी बसवला नाही. बेलसऱ्यांनी तर नाहीच.

प्लंबरने जुना, ताटलीएवढा शॉवर काढला आणि पेरूएवढा नवा लावला. त्यात पाण्याबरोबर हवा मिसळते. पाणी चाळणीतून पीठ पडावं तसं भुरभुरत येतं. पण तेवढ्याशा पाण्यावर आमचा बाथरूममधला गॅसचा गिझर पेटेना. प्लंबरने त्याचं बटण फिरवून बघितलं, खटपट केली आणि म्हणाला, "आता पेटेल ताई, पण अंघोळीला वेळ लागणार. खिडकी तेवढी उघडी ठेवा."

पहिली अंघोळ आबांनी केली. बाहेर आले ते तोंड वाकडं करून. "हे पाणी न्हाई रत्ने, धुकं हाय. अंगाला लागतंच न्हाई." समी तर कुडकुडतच आली. पाणी डोक्यावरून पायापर्यंत पोचेस्तोवर गार होतं म्हणाली.

शनिवारी मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचांवर खाकी टेपने घट्ट चिकटवला. म्हटलं, थंडी आत यायची नाही आणि आमचा आवाज बाहेर जायचा नाही. आबा मागे उभे राहून बघत होते.

"भोक बुजवू नको, रत्ने."

"भोक नाही आबा, खिडकी आहे ती. हे घर आहे."

त्याच संध्याकाळी मी त्यांना हाका बंद करायला सांगितल्या. त्यांनी दारासमोरचं स्टूल उचललं, परत खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं. बसलो तर चालंल?" मी म्हटलं, बसा.

तर तो रविवार.

"नव्या शॉवरला आवाज नसतोच आबा. पाणी कमी पडतं, आवाज कमी येतो. कळत कसं नाही तुम्हाला?"

"जुन्याला व्हता," ते म्हणाले. "अंगावर पडलं की येगळा, फरशीवर पडलं की येगळा. माणूस हाललं की कळायचं."

म्हणजे हाका मारायच्या नसतील तर आबा पाणी ऐकत बसणार होते. माणूस आत हलतोय की नाही, ते पाण्यावरून ओळखणार होते. आणि ते पाणीच मी काढून घेतलं होतं. हे मला आज लिहिताना कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की एका दिवसात यांनी शब्द मोडला.

ते परत दाराला तोंड लावून म्हणाले, "समे, ओ दे." या वेळी मोठ्याने.

मला खालच्या बेलसरे वहिनी दिसायला लागल्या. चहाचा कप हातात धरून डक्टकडे कान लावलेल्या.

"नाही देणार ती ओ," मी म्हटलं. "मीच सांगितलंय तिला."

आबांनी मान वळवली. "काय सांगितलं?"

"हाक आली तरी ओ देऊ नको म्हणून. चौदा वर्षांची झाली ती. आजोबा दाराबाहेर बसून असतात, तिला काय वाटत असेल?"

खरं होतं ते. शनिवारी रात्री झोपताना मी समीला तसं बजावलं होतं. ती म्हणाली होती, आबांना वाईट वाटेल. मी म्हटलं, दोन दिवस वाटेल, मग आपोआप बंद होतील.

"तू तिला ओ देऊ नको म्हणून सांगितलं," आबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. आणि स्टुलावरून उठले.

तिथे मी थांबायला हवं होतं. माझ्या बापाचा चेहरा मला वाचता यायला हवा होता. पण मी पाच वर्षं त्या बिल्डिंगमध्ये हसत होते, आणि न बोललेलं सगळं त्या एका सकाळी बाहेर आलं. मी म्हटलं की तुमच्यामुळे मला लिफ्टमध्ये मान खाली घालावी लागते. तुमच्या अंघोळीमुळे, तुमच्या हाकांमुळे. गटार सुटलं तरी तुम्ही सुटला नाहीत आणि आम्हालाही सुटू देत नाही. बरंच काही म्हटलं. आणि शेवटी ते म्हटलं, जे आईने आम्हाला कधी तोंडातून काढू दिलं नव्हतं.

"आयुष्यभर तुम्हाला बाहेर बसून हाकाच मारता आल्या. भिवाकाका आत मेला तेव्हाही बसूनच होतात ना?"

भिवाकाका आबांचा धाकटा भाऊ. मी चार वर्षांची असताना तो आणि सोपान नावाचा त्याचा सोबती, एकाच दिवशी एकाच चेंबरमध्ये मेले. वर आबा होते. ते उतरले नाहीत. भाऊ आत मरत होता आणि थोरला वर बसून राहिला, हे वस्तीत सगळ्यांच्या तोंडी होतं. हे सांगणारा माझा सख्खा मामा होता, हरीमामा. तो तिथे हजर होता. त्या दिवसापासून त्याने आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. वस्तीतली पोरं मला 'बसल्याची पोर' म्हणायची. मी त्यांना दगड मारायचे. घरी येऊन आबांकडे बघायचे आणि वाटायचं, एक दगड यांनाही मारावा.

 आबांनी विचारलं, "किती येळ झाला तिला आत जाऊन?"

"असतील वीस मिनिटं. नव्या शॉवरला लागतो वेळ."

ते दाराकडे गेलेच नाहीत. गॅलरीत गेले. मला वाटलं, रुसले. गॅलरीत गिझरचं सिलिंडर असायचं. त्याचं बटण बंद केल्याचा खट्ट आवाज आला. मग त्यांनी गॅलरीचं दार सताड उघडलं, घराचं मुख्य दार उघडलं, आणि परत येऊन बाथरूमच्या दारावर लाथ घातली. अडुसष्ट वर्षांचा माणूस. तिसऱ्या लाथेला ते फायबरचं दार वाकलं आणि कडी तुटली.

आतून गरम, दमट हवा अंगावर आली. समी फरशीवर पडली होती. एक पाय बादलीला अडकलेला. शॉवर चालूच होता, तिच्या पाठीवर भुरभुरत होता, आवाज न करता. तिचा चेहरा गुलाबी दिसत होता, आणि एक क्षण मला वाटलं, बरी आहे.

मी आत धाव घेतली, आणि मागून माझी वेणी ओढली गेली. मी मागच्या मागे आपटले. उठले, तर आबा दारात. उभे नव्हते. उंबऱ्यावर खाली बसले होते, पाय चौकटीला आडवे रोवून.

"कुणी आत जायचं न्हाई."

"आबा, माझी पोर आहे ती."

"कुणी आत जायचं न्हाई. आधी हवा."

त्यांनी बसल्या बसल्या दाराआडचा वायपर ओढून घेतला आणि त्याच्या दांड्याने खिडकीवरच्या पुठ्ठ्याला ढोसायला लागले. पुठ्ठा मी घट्ट चिकटवला होता. निघेना. मी त्यांना ओढत होते आणि ते हलत नव्हते. तेव्हा मी त्यांना लाटण्याने मारलं. पाठीत मारलं, खांद्यावर मारलं, एक कानावर बसलं. मी माझ्या बापाला मारत होते आणि ओरडत होते की बसून राहा, तिलाही मारा, बसून राहा. डक्ट, बेलसरे, सोसायटी, सगळं विसरले होते. आबांनी हात वर करून एकही फटका चुकवला नाही. दोन्ही हात वायपरला होते.

पुठ्ठा फाटला, मागची काच फुटून डक्टमध्ये पडली. आबांनी माझ्याकडे तोंड करून छातीभर श्वास घेतला, गाल फुगवून कोंडला आणि आत गेले. समीला काखेत धरून ओढत बाहेर काढली, तशीच थेट गॅलरीत नेली, आणि मग श्वास सोडला. त्यांच्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं.

त्यांनी आपला सदरा तिच्या अंगावर टाकला, तिचे तळवे घासायला घेतले आणि हाका मारायला लागले. "समे, ओ दे. समे, ओ दे." आख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. गॅलऱ्या भरल्या. बेलसरे लुंगीवर धावत वर आले आणि लगेच गाडी काढली. वहिनींनी स्वतःची शाल तिला गुंडाळली आणि हॉस्पिटलपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ती माणसं वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

समीने ओ दिली नाही.

डॉक्टर म्हणाले, बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की विषारी हवा साठते. तिला वास नसतो. पाणी बारीक, अंघोळ लांबलेली, खिडकी बुजवलेली. श्वास चालू आहे, शुद्ध नाही, आत्ताच काही सांगता येत नाही. खिडकी कुणी बुजवली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी.

मग मी त्यांना विचारलं की दार फुटल्यावर मी लगेच आत गेले असते तर? डॉक्टर म्हणाले, दार उघडल्यावर तुम्हाला बहुतेक काही झालं नसतं. हा गॅस गटारातल्यासारखा एका श्वासात आडवा करत नाही. म्हणजे आबांनी उंबऱ्यावर घालवलेलं ते अर्धं मिनिट वाया गेलं म्हणा. हे मी आबांना कधी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत नाही. आणि कुठल्या तोंडाने सांगणार? अर्धं मिनिट त्यांचं. त्याआधी दाराबाहेर भांडण्यात मी चार मिनिटं घालवली होती.

माझा नवरा रात्रीच भुसावळहून आला होता, तो औषधांच्या मागे पळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हरीमामा आला. काठी टेकत, गावाकडून एसटीने. आबा आयसीयूच्या दाराशी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, कानाला पट्टी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मामा कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बाकावर बसला. मी त्याच्याजवळ गेले. सगळं सांगितलं. आबांनी मला कसं आत जाऊ दिलं नाही, तेही सांगितलं. मला वाटलं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल.

मामा काठीकडे बघत राहिला. मग विचारलं, "कशानं मारलंस?"

"लाटण्यानं."

"मी फावड्याच्या दांड्यानं मारलं व्हतं. डोक्यात."

आबांच्या डोक्यावर मागे एक लांब खोक होती, केस न उगवणारी. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायचे. चेंबरचं झाकण लागलं, असं आई सांगायची.

मामा तुटक तुटक बोलला. भिवा ओ देईना. दोर ओढला तर नुसता दोर वर आला, गाठ सुटली होती. सोपान कुणाला न विचारता उतरला. तोही गप्प झाला. "मग मी कपडे काढले. भिवा माझा जिगरी. तुझा बाप काय बोलला न्हाई. चालत आला आन् चेंबरच्या तोंडावर बसला. मांडी ठोकून. म्हनला, हरी, आधी मला उठीव, मंग उतर. मी लई मारलं त्याला. रगात डोळ्यात चाललं व्हतं त्याच्या. उठला न्हाई. तिथं बसून खाली भावाला हाका मारत व्हता, बंबवाले येस्तोवर."

"मग तू वस्तीत वेगळं का सांगितलंस?"

"येगळं न्हाई सांगितलं. बसला व्हता म्हनलो. कशापायी बसला ते न्हाई सांगितलं." त्याने काठी बाकाला टेकवून ठेवली. "सोपानची बायकू इचारायची, तू कसा वाचला रं? काय सांगू? त्यानं वाचीवलं म्हनलो असतो तर मंग माझ्या जिवाची किंमत दोन माणसं झाली असती. मला न्हाई पेललं ते. त्याला पेलंल वाटलं."

 मामाला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्याने एकदा मारलं होतं, मी चौतीस वर्षांची होईपर्यंत मारत होते.

आबांकडे जाऊन खाली बसले. त्यांनी विचारलं, "हरी जेवला का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली. पापण्या हलतायत म्हणाली. कुणीतरी एकानेच आत या, जवळच्या माणसाने, आणि तिच्याशी बोला. मी आबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला लागले. तुमचा आवाज ओळखेल ती, तुम्ही जा म्हटलं.

आबा उठले नाहीत. "तू जा. भाईर कुणीतरी पाह्यजे."

मी आत गेले. पोरीच्या नाकात नळ्या होत्या, हातात सुया होत्या. काय बोलावं ते मला सुचेना. आजवर मी कुणाला तशी हाक मारलेली नव्हती. लहानपणी ओ दिली होती तेवढीच, तीही वैतागून.  बाहेरच्या भिंतीला टेकून माझा बाप बसला होता, तीन दिवस, एकही हाक न मारता. कारण तिथे हाका मारायच्या नाहीत म्हणून त्याला वॉचमननेही दटावलं होतं.

मी समीच्या कानाशी वाकले.

"समे, ओ दे."

काही नाही.

"समे, आबा बाहेर बसलेत. ओ दे."

आवाज आला नाही. तिचे ओठ तेवढे हलले, सुकलेले, कडा सोललेले. हलले आणि हळूहळू गोल झाले.

मी दार ढकलून बाहेर आले. आबांनी वर बघितलं. 

"दिली," मी म्हटलं.

तेव्हा आबा उठले.